आधी हरायचं कुठे ते शोधा

टेबलावर एकवीस चिंचोके मांडा. काड्या, बटणं, शेंगदाणे, काहीही चालेल. शेंगदाणे घेतलेत तर डाव संपेपर्यंत खायचे नाहीत, एवढंच. दोघांनी आळीपाळीने उचलायचे, एका वेळी एक, दोन किंवा तीन. शेवटचा चिंचोका उचलेल तो जिंकला. पहिली चाल तुमची आहे. किती उचलाल?

बहुतेक जण सुरुवातीच्या चाली अंदाजाने खेळतात आणि सहा-सात चिंचोके उरले की मग डोकं लावायला बसतात. तोवर बहुधा निकाल लागलेला असतो. युक्ती माहीत असलेला माणूस पहिल्यांदा एकच उचलतो आणि पुढे त्याला विचार करावाच लागत नाही. ही युक्ती शोधली तर मिनिटभरात कुठेही सापडेल, पण नियम जरासा बदलला की ती निकामी होते. म्हणून पाठांतर नको. नवा खेळ समोर आला की युक्ती आपली आपण कशी काढायची, ते बघू.

कुठल्या खेळांना हे लागू पडतं

खेळाडू दोन, चाली आळीपाळीने. फासे नाहीत, पत्ते पिसणं नाही, कुणाच्या हातात काही लपवलेलं नाही. आणि डाव कधी ना कधी संपतोच. ल्युडो आणि रमी इथेच बाद. फुल्ली-गोळा बसतो, बुद्धिबळही बसतं.

अशा खेळांबद्दलचा पाया जर्मन गणिती अर्न्स्ट झर्मेलो याने १९१३ साली बुद्धिबळाच्या निमित्ताने घातला. तीनच शक्यता असतात: पहिल्याकडे हमखास जिंकायची युक्ती आहे, दुसऱ्याकडे आहे, किंवा दोघंही न चुकता खेळले तर बरोबरी. फुल्ली-गोळ्यात बरोबरी होते, हे शाळेत मागच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला कधीतरी कळलेलं असतं. चेकर्सचंही (बुद्धिबळासारख्याच पटावर सोंगट्यांनी खेळतात तो खेळ) तसंच आहे, पण ते ठरवायला कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या जोनाथन शेफर यांच्या गटाला कित्येक वर्षं संगणक चालवावे लागले. निकाल २००७ साली जाहीर झाला. बुद्धिबळाचं उत्तर अजून कुणाकडे नाही.

चिंचोक्यांच्या खेळात बरोबरीला जागाच नाही. म्हणजे दोघांपैकी एकाकडे युक्ती आहेच. कोणाकडे आणि कोणती, एवढं शोधायचं.

पहिली पायरी: शेवटाकडून मागे या

कागदावर ० ते २१ आकडे एका ओळीत लिहा. प्रत्येकाखाली एक खूण करायची, 'ह' किंवा 'जि'. 'ह' म्हणजे एवढे चिंचोके समोर असताना ज्याची चाल आहे तो हरणार, अर्थात समोरचा चुकला नाही तर. 'जि' म्हणजे त्याला जिंकता येतं.

शून्याखाली 'ह'. समोर काहीच नाही, याचा अर्थ शेवटचा चिंचोका दुसऱ्याने नेला. १, २, ३ यांच्याखाली 'जि', कारण सगळे एकदम उचलता येतात. आता ४. एक उचलला तर समोरच्याला ३ मिळतात, दोन उचलले तर २, तीन उचलले तर १. तिन्हींखाली 'जि' आहे. काहीही केलं तरी त्याचंच फावतं, म्हणून ४ खाली 'ह'. ५, ६ आणि ७ वरून थेट ४ वर आणता येतं, म्हणून तिथे 'जि'. मग ८ पुन्हा 'ह'.

खुणा करायचे नियम दोनच. एखादी तरी चाल समोरच्याला 'ह' वर नेऊन सोडत असेल, तर 'जि'. एकूण एक चाली त्याला 'जि' वर नेत असतील, तरच 'ह'. नवशिक्यांची गफलत दुसऱ्या नियमात होते. 'जि' लिहायला एक चांगली चाल सापडली की पुरे. 'ह' लिहायला मात्र सगळ्या चाली तपासाव्या लागतात, आणि दोन तपासून तिसरी सोडून द्यायचा मोह भल्याभल्यांना होतो.

ओळ पूर्ण केली की 'ह' कुठे आले ते बघा: ०, ४, ८, १२, १६, २०. चारचा पाढा. म्हणून २१ वरून एक उचलायचा आणि २० समोरच्याच्या गळ्यात मारायचे. पुढे त्याने एक उचलला तर तुम्ही तीन, त्याने दोन तर तुम्ही दोन, त्याने तीन तर तुम्ही एक. प्रत्येक फेरीत चार जातात आणि तो चारच्या पाढ्यातून बाहेर पडत नाही.

यातून एक सवय लावून घ्या. नवा खेळ आला की 'मी जिंकू कसा' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि हरायच्या जागा हुडका. त्या सहसा कमी असतात आणि त्यांच्यात काहीतरी नियम दिसतो.

दुसरी पायरी: नियम बदलून बघा

आता तेच एकवीस चिंचोके, तेच एक-दोन-तीन, पण शेवटचा उचलेल तो हरला. हा प्रकार खेळायला जास्त मजेदार आहे आणि लोक पैजेसाठी हाच निवडतात. पुन्हा मागून या: १ खाली 'ह', मग ५, ९, १३, १७ आणि… २१. म्हणजे पहिला खेळाडू सुरुवातीलाच अडकलेला. कुणी फार अदबीने 'आधी तुम्ही' म्हणालं तर का, ते आता लक्षात येईल.

तिसरा प्रकार: शेवटचा उचलेल तो जिंकला, पण उचलायचे एक, तीन किंवा चार, दोन उचलायची परवानगी नाही. इथे चारचा पाढा वगैरे विसरा. ० 'ह', १ 'जि'. २ वरून फक्त एक उचलता येतो, समोरच्याला १ मिळतो, म्हणून २ 'ह'. ३ आणि ४ 'जि', एका फटक्यात संपतात. ५ वरून तीन उचलून २ वर, ६ वरून चार उचलून २ वर, दोन्ही 'जि'. ७ वरून ६, ४ किंवा ३ वर जाता येतं, तिन्ही 'जि', म्हणून ७ 'ह'. असंच पुढे गेलात तर 'ह' येतात ०, २, ७, ९, १४, १६, २१ वर. सातने भागल्यावर बाकी ० किंवा २. पुन्हा २१ वर पहिला हरतो, पण यावेळी कारण अगदी वेगळं आहे.

हे सगळं डोक्यात करू नका, कागद घ्या. वीसेक आकड्यांपर्यंत गेलं की नियम साधारणपणे डोळ्यांत भरतो, पण दहावर थांबलात तर फसवा नियमही दिसू शकतो.

तिसरी पायरी: दिसलेला नियम सिद्ध करा

२१ पर्यंत जमलं म्हणून २१०० ला जमेलच असं नाही. पुरावा लागतो, आणि तो लिहायचा साचा ठरलेला आहे. दोन गोष्टी दाखवायच्या: 'ह' वरून 'ह' वर जाता येत नाही, आणि प्रत्येक 'जि' वरून कुठल्या तरी 'ह' वर जाता येतं.

वरच्या एक-तीन-चार खेळासाठी करून बघू. बाकी ० असताना एक, तीन, चार उचलले तर बाकी होते ६, ४, ३. बाकी २ असताना होते १, ६, ५. यात ० किंवा २ कुठेच नाही. पहिली गोष्ट झाली. आता उरलेल्या बाक्या: १ असेल तर एक उचला, ३ असेल तर तीन, ४ असेल तर चार, तिन्ही वेळा बाकी ०. बाकी ५ असेल तर तीन उचला, ६ असेल तर चार, दोन्ही वेळा २. झालं. आता २१०० चिंचोके असले तरी सातने भाग द्यायचा आणि दुसऱ्याने जिंकायचं.

मुलांना ऑलिम्पियाडला बसवणाऱ्या पालकांनी या पायरीवर खास लक्ष द्यावं. उत्तर बरोबर पण कारण अर्धवट, असं तिथे फार होतं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर गणित ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. त्यातला खेळाचा प्रश्न सापडला की आधी हा दोन भागांचा साचा मांडून बसा.

पटावर तीच गोष्ट: वजीर कोपऱ्यात

आकड्यांची ओळ सोडून आता बुद्धिबळाचा पट घ्या. त्यावर फक्त एक वजीर, दोघांचा मिळून. तो नेहमीसारखा चालतो, पण तीनच दिशांना: डावीकडे, खाली, किंवा डावीकडे-खाली तिरका. जो त्याला डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, म्हणजे ए१ घरात पोचवेल तो जिंकला. (उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या खालून १ ते ८.) समजा वजीर जी८ वर आहे आणि चाल तुमची.

चौकटीच्या वहीत आठ बाय आठचा पट आखा आणि पेन्सिल घ्या. ए१ वर 'ह'. तिथे एका चालीत पोचवणारी सगळी घरं 'जि': तळाची पूर्ण आडवी रांग, डावीकडची पूर्ण उभी रांग, आणि ए१ पासून एच८ पर्यंतचा तिरका कर्ण. ही घरं खोडून टाका. आता न खोडलेल्या घरांपैकी कोपऱ्याच्या सगळ्यात जवळची बघा. बी३ आणि सी२ दिसतील. बी३ वरून कुठेही गेलात तरी खोडलेल्याच घरात पडता, म्हणून दोन्हींवर 'ह'. मग या दोघांपासून उजवीकडची रांग, वरची रांग आणि उजवीकडे-वर जाणारा तिरका खोडा. पुढचे 'ह' सापडतात डी६ आणि एफ४, आणि मग ई८ आणि एच५. पट संपला.

जी८ वरून आता उत्तर सरळ आहे: डावीकडे दोन घरं जाऊन ई८. (तिरकं थेट बी३ वर गेलात तरी चालतं.) समोरचा ई८ वरून कुठेही जाऊ दे, तुम्ही पुढच्या 'ह' वर.

हा खेळ नेदरलँडचा गणिती विलेम वायथॉफ याने १९०७ साली दोन ढिगांच्या रूपात मांडला होता. कोपऱ्यापासून मोजलं तर हरती घरं येतात (१, २), (३, ५), (४, ७), पट मोठा केला तर (६, १०), (८, १३). प्रत्येक जोडीतला फरक एकेकाने वाढतो, आणि लहान आकडा मिळतो सुवर्ण गुणोत्तराच्या, म्हणजे १.६१८…च्या पटीचा अपूर्णांक टाकून: १.६ चा १, ३.२ चा ३, ४.८ चा ४. चौकटी खोडता खोडता सुवर्ण गुणोत्तर कुठून उगवलं, याचं मला अजूनही नवल वाटतं. खेळायला ते लागत नाही; पेन्सिल पुरते.

नक्कल करून जिंकणं

काही खेळांत मागून येणं जमत नाही, शक्यताच फार असतात. तिथे आधी नकलेचा विचार करा. दोन ढीग, दोन्हींत सारखे चिंचोके, एका वेळी एकाच ढिगातून हवे तेवढे उचलायचे, शेवटचा उचलेल तो जिंकला. दुसऱ्या खेळाडूने काय करायचं? पहिला एका ढिगातून जेवढे उचलेल तेवढेच दुसऱ्या ढिगातून. समोरच्याकडे चाल होती म्हणजे तुमच्याकडेही असणारच, त्यामुळे तुमच्या चाली कधी संपत नाहीत.

पण नक्कल आंधळेपणाने करू नका. आठ बाय आठच्या पटावर दोघं आळीपाळीने दोन शेजारच्या घरांवर बसेल अशी पट्टी ठेवतात, आडवी किंवा उभी. ज्याला ठेवता येणार नाही तो हरला. दुसरा म्हणतो, पटाच्या मधोमध उभी रेघ मानू आणि आरशासारखी नक्कल करू. पहिला हसत हसत त्या रेघेवरच आडवी पट्टी ठेवतो, एक घर अलीकडे, एक पलीकडे. आरशातली तिची प्रतिमा तीच पट्टी! नक्कल करायला जागाच उरली नाही. त्याऐवजी पट केंद्राभोवती अर्धा फिरवायचा: पट्टी जिथे पडली त्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला आपली. इथे कुठलीही पट्टी स्वतःच्या प्रतिमेवर पडत नाही, त्यामुळे दुसरा जिंकतो. पट आठ बाय सातचा केलात तर उलटं होतं. पहिला बरोबर मधल्या दोन घरांवर पट्टी ठेवतो आणि नकलेचा मक्ता त्याच्याकडे जातो.

तीन ढीग: निम

दोन ढिगांची नक्कल तीन ढिगांत चालत नाही, आणि इथेच या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. खेळाचं नाव निम. हे नाव आणि त्याची संपूर्ण उकल हार्वर्डमधल्या चार्ल्स बूटन याने १९०१ साली दिली. समजा ढीग आहेत ४, ६ आणि ९. नियम दोन ढिगांचेच.

प्रत्येक ढीग १, २, ४, ८ अशा गटांत फोडा, प्रत्येक गट एका ढिगात जास्तीत जास्त एकदा. ४ म्हणजे ४. ६ म्हणजे ४+२. ९ म्हणजे ८+१. आता वेगवेगळ्या ढिगांतल्या सारख्या गटांच्या जोड्या लावा. चाराची जोडी जमली. एकटे राहिले ८, २ आणि १. एकटा गट एक जरी असला तरी ती 'जि' स्थिती. सगळ्यांच्या जोड्या जमल्या तर 'ह'.

चाल कशी काढायची? सगळ्यात मोठा एकटा गट ज्या ढिगात आहे तो ढीग धरा: इथे ९. त्यात काय राहिलं म्हणजे सगळ्यांना जोडीदार मिळेल? एकटा ८ जायला हवा, एकटा १ जायला हवा, आणि सहाच्या ढिगातल्या २ ला जोडीदार म्हणून इथे २ हवा. म्हणजे ९ चे २ करायचे, सात उचलायचे. उरले ४, ६, २: चाराची जोडी, दोनाची जोडी. समोरचा आता कुठल्याही एकाच ढिगाला हात लावू शकतो, आणि एकच ढीग बदलला की कुठली तरी जोडी मोडतेच. ती तुम्ही पुन्हा जमवायची. तिसऱ्या पायरीतला दोन भागांचा पुरावा इथे जसाच्या तसा बसतो.

स्वतः करून बघा: ३, ५, ७. एकटा राहतो फक्त १, आणि तो तिन्ही ढिगांत आहे, त्यामुळे कुठल्याही ढिगातून एक उचलला तरी चालतं.

हे यंत्राला शिकवणं सोपं आहे. १९५१ साली लंडनमधल्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या प्रदर्शनात फेरांटी कंपनीने निमरॉड नावाचा संगणक मांडला होता. त्याचं काम लोकांशी निम खेळणं. आणि त्याच्या आधी, १९३५ साली स्प्राग आणि १९३९ साली ग्रंडी या दोन गणितींनी स्वतंत्रपणे सिद्ध केलं होतं की दोघांनाही सारख्याच चाली मोकळ्या असतील आणि ज्याची चाल संपेल तो हरत असेल, तर असा प्रत्येक खेळ मुळात निमचाच एखादा ढीग असतो.

जिथे युक्ती नसतेच

चार बाय सहाची चॉकलेटची वडी. दोघं आळीपाळीने कुठलाही एक तुकडा सरळ रेषेत मोडतात. मोडायला काही उरलं नाही की ज्याची चाल तो हरला. यावर तास घालवणारे लोक मी पाहिले आहेत. प्रत्येक वेळी तुकडे एकाने वाढतात. सुरुवातीला एक, शेवटी चोवीस, म्हणजे मोडणी तेवीसच, कशाही करा. विषम संख्या, पहिला जिंकला. खेळ सुरू करण्याआधी 'एकूण चाली ठरलेल्याच आहेत का' हे विचारून घ्या.

कोड्यांतही हेच उपयोगी पडतं. फळ्यावर १ ते १० आकडे आहेत. कुठलेही दोन पुसून त्यांच्यातला फरक लिहायचा, एकच आकडा उरेपर्यंत. शेवटी शून्य उरेल का? दोन आकड्यांच्या जागी त्यांचा फरक लिहिला तर एकूण बेरजेचं सम-विषमपण बदलत नाही. बेरीज ५५, विषम. शून्य सम. नाही उरणार.

सरावासाठी

एक ढीग, एका वेळी उचलायचे १, २, ४, ८, १६ अशा दुपटीच्या ओळीतल्या कुठल्याही एका आकड्याएवढे. शेवटचा उचलेल तो जिंकला. ओळ लिहून काढा. 'ह' कुठल्या पाढ्यात येतात ते दिसेल, आणि पुराव्यासाठी एकच गोष्ट लागेल: २, ४, ८, १६ यांना ३ ने का भाग जात नाही.

दुसरा: ढिगातून जास्तीत जास्त निम्मे उचलता येतात, किमान एक तरी उचलायचाच. एकच चिंचोका उरला की ज्याची चाल तो हरला. इथे १, ३, ७ यांच्यानंतरचा 'ह' कोणता येतो ते शोधा.

तिसरा जरा खट्याळ आहे, चॉम्प नावाचा. डेव्हिड गेल याने १९७४ साली मांडलेला. चॉकलेटच्या वडीचा डावीकडचा खालचा चौकोन विषारी. खेळाडू एखादा चौकोन निवडतो आणि तो, त्याच्या उजवीकडचे, वरचे, आणि उजवीकडे-वरचे सगळे चौकोन खातो. विष खाईल तो हरला. वडी चौरस असेल, समजा पाच बाय पाच, तर विषाच्या तिरक्या शेजाऱ्यापासून खाल्लंत की दोन सारख्या पट्ट्या उरतात आणि मग नक्कल. वडी दोन ओळींची असेल तर वरच्या ओळीतला उजवीकडचा एकच चौकोन खा आणि वरची ओळ कायम एकाने तोकडी ठेवत जा. पण कुठल्याही मापाची वडी दिली तर काय करायचं, याचं सरसकट उत्तर कुणालाच सापडलेलं नाही. गंमत म्हणजे तरीही पहिलाच जिंकतो हे नक्की माहीत आहे. समजा पहिल्याने फक्त वरचा उजवा कोपरा खाल्ला आणि त्यावर दुसऱ्याकडे जिंकणारं उत्तर आहे. मग पहिल्याने तीच चाल आधीच का नाही खेळायची? कोपरा तसाही त्या चालीत खाल्ला गेलाच असता.